तिसऱ्या शिट्टीला

अभि अण्णानं आत्याच्या गॅसचा रेग्युलेटर काढून गाडीच्या डिकीत टाकला, त्याच दिवशी मी ठरवलं की माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय हाच. कॉलेजला आवडो, न आवडो.

आत्या म्हणजे गोजराबाई, माझ्या अप्पांची थोरली बहीण. राजाजीनगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, घरीच ब्लाऊज शिवते. पस्तिशीत तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. यंत्रं लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही. समोरच्याचे ओठ वाचते, घरची मराठीही आणि गावची कन्नडही. स्वतः बोलते ते मात्र तिसऱ्या घरात ऐकू जातं.

डिसेंबरात असं झालं की कुकर चढवून ती पुढच्या खोलीत मशीनवर बसली. एरवी दर दोन मिनिटांनी उठून आत डोकावते. त्या दिवशी बाहीचा जोड जमेना, त्यात गुंतली. शिट्ट्या किती झाल्या देव जाणे. पाणी आटलं, वॉल्व्ह गेला, डाळ छताला जाऊन चिकटली. शेजारच्यांनी दार बडवलं, पण ते तिला कसं कळणार? शेवटी मागच्या दारानं शिरून त्यांनी गॅस बंद केला. आत्याला ओरखडाही आला नाही. बाहीचा जोडही बसला होता.

अभिराज म्हणजे अभि अण्णा, तिचा एकुलता एक मुलगा. राहतो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला, अकराव्या मजल्यावर. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की घरातून धूर येतोय. पुढचे दोन तास तो ट्रॅफिकमध्ये होता आणि आई फोन उचलत नव्हती, कारण ती फोन कधीच उचलत नाही. आला तो गाडीचं दार उघडंच टाकून पळत आत शिरला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येईल.

"अम्मा, बास झालं," तो तिच्या समोर उभा राहून म्हणाला. "आजपासून गॅस नाही. दोन्ही वेळचा डबा येईल. मेच्या पहिल्या रविवारी सामान हलवायचं, तू माझ्याकडे यायचंस."

"आणि मशीन?"

"खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतात. मशीनचं बघू नंतर."

"मग माझंही नंतरच बघ," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तिनं तोंड फिरवलं की संपलं, ओठ दिसत नाहीत, म्हणजे पुढं बोलून उपयोगच नाही. भांडणात हा तिचा हुकमी डाव आहे.

डबा यायला लागला. सांबार गोड, चपात्या चामड्यासारख्या. चाळीस वर्षं स्वतःच्या हातचं खाल्लेली बाई झाकण उघडायची, वास घ्यायची आणि बंद करायची. महिन्याभरात तिचे ब्लाऊज तिलाच सैल व्हायला लागले. माझं डोकं फिरलं.

माझा विषय सोपा होता. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि ठरलेल्या शिट्टीला बहिऱ्या माणसाला कळवायचं. आमचे गाईड त्रिविक्रम सर कागद वाचून हसले.

"भव्या, इंजिनिअरिंगला आहेस की स्वयंपाकाच्या क्लासला? यात एआय कुठंय? क्लाउड कुठंय?"

"सर, कुकर ओट्यावर आहे. त्याचं क्लाउडवर काय काम?"

सरांना राग आला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले की बॅचमधले बाकीचे करतात तसं करा, कशाला त्रास. बाकीचे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. प्रोजेक्टची दुकानं असतात आमच्याकडे. आत गेलं की तयार यंत्राचा डबा, छापलेला रिपोर्ट आणि तोंडी परीक्षेची उत्तरं, सगळं एका पिशवीत मिळतं. विराटनं चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र आणलं होतं. गंमत म्हणजे तेच यंत्र गेल्या वर्षी दोघांनी आणलं होतं, आणि ते तेव्हाही मिशीवाल्यांना ओळखत नव्हतं.

"मी विकत आणणार नाही," मी म्हटलं.

"मग मार्कांची जबाबदारी तुझी."

"सरी सर, ठीक आहे. माझीच."

बाहेर आल्यावर माझा पार्टनर मंजुनाथ कपाळावर हात मारून म्हणाला, "अय्यो, जबाबदारी तू घेतलीस, माझ्या मार्कांचं काय?" पण आला बिचारा माझ्यामागून एस. पी. रोडला, सुटे भाग घ्यायला. तिथल्या दुकानांत माणूस आडवा मावत नाही, पण मागाल तो भाग मिळतो. चांगला माईक घेतला, बोर्ड घेतला, टॅक्सीच्या छतावर शोभेल एवढा लाल दिवा घेतला. दोन महिने शिट्ट्या रेकॉर्ड केल्या. माईक शिट्टी ओळखणार, मोजणार, तीन झाल्या की आत्याच्या मशीनसमोर लाल दिवा लागणार. आमच्या घरी अकरा वेळा करून पाहिलं, अकराही वेळा बरोबर आलं. मी हवेत होते.

मार्चमधल्या एका रविवारी अभि अण्णाला बोलावलं. "एक संधी दे," म्हटलं. त्यानं डिकीतून रेग्युलेटर आणून लावला. आत्यानं तीन महिन्यांनी स्वतःच्या ओट्यावर तांदूळ धुतले. गुणगुणत होती, बेसूर. कुकर चढवला, मशीनवर जाऊन बसली. एक शिट्टी झाली. आणि लाल दिवा लागला.

रविवारी दुपारी साडेबाराला राजाजीनगरात कुठल्या घरात कुकर नसतो? वरच्यांचा वाजला, शेजारच्यांचा वाजला, माझ्या हुशार माईकनं सगळे आमच्या खात्यात घातले. दिवा खिडकीच्या उजेडात फिका दिसत होता, आणि आत्याची मान सुईकडे वाकलेली, तिला तो दिसलासुद्धा नाही. मीच गडबडून पळत जाऊन गॅस बंद केला.

अभि अण्णानं एक घास तोंडात टाकला. कच्चा भात. चावल्याचा आवाज मला ऐकू आला.

"कच्चा राहिला हे ठीक," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण हळू बोलत होता. "उलटं झालं असतं तर? भव्या, तुझं शिकणं होतं, पण आई माझी आहे."

रेग्युलेटर परत डिकीत गेला. आत्यानं तो भात वाढून घेतला आणि सगळा खाल्ला, एकेक शीत चावून, मुलाकडे बघत. मी न्हाणीघरात जाऊन रडले. लाज वाटत होती आणि संतापही येत होता, दोन्ही एकदम.

मंजुनाथनं दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच्या दुकानाचं कार्ड पुढं केलं. मी फाडलं. पण पुढं काय करायचं ते मलाही कळत नव्हतं. आणखी महागाचा माईक? आपल्याच घरातला आवाज वेगळा काढणारा प्रोग्रॅम? चार दिवस आमच्या स्वयंपाकघरात कुकर लावून तेच डोकं फोडत होते, तेव्हा आत्या आली. बघत उभी राहिली. मग मला कोपरानं ढकललं आणि ओट्याच्या कडप्प्यावर तळहात टेकून डोळे मिटले.

"स्वल्प थांब," म्हणाली.

शिट्टी झाली. आत्यानं दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. दुसरी झाली, दुसरं बोट. तिसरी, तिसरं. मध्ये आईनं पातेलं आपटलं, बोट हललं नाही. वरच्यांचा कुकर किंचाळला, बोट हललं नाही.

"दगड थरथरतो," डोळे उघडून ती म्हणाली. "भांडं ठेवलं तर एकच ठोका. शिट्टीला लांब थरथर. मी वीस वर्षं अशीच मोजते. फक्त ओट्याशी उभं राहावं लागतं, आणि मी ओट्याशी उभी राहिले तर शिवणार कोण?"

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?" मी तिच्या तोंडासमोर ओरडले.

"तू विचारलंस का?" तीही ओरडली. "टेप घेऊन आलीस, ओटा मोजलास, खिडकी मोजलीस, फोटो काढलेस. मला काय विचारलंस? चहा देतेस का, एवढंच!"

ऐकू न येणाऱ्या बाईसाठी यंत्र करायला बसलो आणि त्याला कान लावले! आम्हाला ऐकू येतं, म्हणून दुसरं काही सुचलंच नाही. वीस वर्षं हे काम बिनचूक करणारी बाई समोर असताना मी शिट्ट्यांची रेकॉर्डिंगं गोळा करत होते. इतकी मूर्ख मी आयुष्यात झाले नव्हते.

माईक उपटून फेकला. त्याच्या जागी आली एक पितळी चकती, रुपयाएवढी, थरथर झाली की वीज सोडणारी. ती कडप्प्याला खालून चिकटवली. दोन सेकंद सलग थरथर म्हणजे शिट्टी, बाकी सगळं सोडून द्यायचं. मिक्सरही लांब थरथरतो हे लक्षात आल्यावर आत्यानं स्वतःच मिक्सर ओट्यावरून उचलून फ्रिजवर नेऊन ठेवला. आता मी पावलोपावली विचारत होते. मनगटावर पट्टा चालेल? नको, दोऱ्यात अडकतो. मग कळवू कुठं? तिनं पाय पुढं केला. मशीनच्या पायडलवर तो सकाळपासून असतोच. मंजुनाथनं त्याच्या फुटलेल्या गेमच्या रिमोटातली मोटर काढली आणि पायडलखाली बसवली. ती तीन झटके देते, थांबते, पुन्हा तीन. ओट्याजवळचं बटण दाबेपर्यंत थांबत नाही. वीज गेली तर आत बॅटरी.

एप्रिलच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. लॅबच्या टेबलावर कुकर बघून पोरं फिदीफिदी हसली. आत्या चिकपेटच्या बाजारातून घेतलेली नवी साडी नेसून, सगळ्यांकडे पाठ करून, पायडलवर पाय ठेवून बसली. तिसऱ्या शिट्टीला उठली आणि बटण दाबलं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी मला विचारलं, "मोबाईलवर मेसेज का नाही पाठवत?"

आत्यानं ओठ वाचले होते. "दोन्ही हात कापडात असतात," ती कन्नडात गरजली, पलीकडच्या वर्गात ऐकू जाईल अशी. "मोबाईल काय दातांत धरू?"

मॅडम हसल्या आणि त्यानंतरचे प्रश्न त्यांनी आत्याकडे तोंड करून विचारले. त्रिविक्रम सरांनी मात्र त्यांच्या हातातले मार्क जेमतेम पासापुरते दिले. शेऱ्यात लिहिलं की नावीन्य कमी आहे. विराटच्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त मिळाले. मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही दिलेत ते घेते. पण पुन्हा करायची वेळ आली तर हेच करीन."

मेचा पहिला रविवार उजाडला. अभि अण्णा ठरल्याप्रमाणे आला, पुठ्ठ्याचे घडी केलेले खोके घेऊन. आत्या दारातच उभी होती. तिनं खोक्यांकडे पाहिलंही नाही. हात पुढं पसरला.

"रेग्युलेटर."

"अम्मा, मागच्या वेळी—"

"मागच्या वेळी हिनं मला विचारलं नव्हतं. तू अजून विचारलेलं नाहीस. रेग्युलेटर आण. आज चुकलं तर मी तुझ्या गाडीत बसेन, मशीन इथंच टाकून. माझा शब्द."

अभि अण्णा खोके भिंतीला टेकवून गाडीकडे गेला. आजही साडेबाराच वाजले होते. गल्लीतले सगळे कुकर चालू. आमची चकती आत्याच्या कडप्प्याखाली आणि मोटर तिच्या पायडलखाली आदल्या दिवशीच बसवली होती.

आत्यानं तूरडाळ चढवली, हळद टाकली, झाकण लावलं आणि पुढच्या खोलीत जाऊन मशीनवर बसली. मशीन खडखडायला लागलं. मी मधल्या दारात. अभि अण्णा ओट्याशी उभा, डोळे कुकरवर, एक हात गॅसच्या बटणाजवळ तयार. शेजारी शिट्टी झाली, तो दचकला. मशीन चालूच. आमची पहिली झाली. वरच्यांच्या लागोपाठ दोन झाल्या. मशीन चालूच. आमची दुसरी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, हात लावू नकोस.

आमची तिसरी शिट्टी सुटली. आईला ऐकू यायचं तेव्हाची, लहानपणची सवय, त्यानं मान वळवून हाक मारली, "अम्मा, झाल्या गं तीन!"

पण मशीन आधीच थांबलं होतं. आत्या दारात आली, त्याचा हात बाजूला केला आणि गॅस बंद केला.

"सरक," ती म्हणाली. "फोडणी द्यायचीय."