ड्रॉइंगवर सोळा

योगिनीने तेलाच्या पिंपावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर लॅपटॉप टेकवला आणि यादीतल्या शेवटच्या दुरुस्तीपुढे खूण केली. तीन आठवडे हेच चाललं होतं. प्रेस मशीन चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमचा जुना सी कोड, आणि त्यात जागोजागी असे अ‍ॅरे, म्हणजे नोंदींच्या रांगा, ज्यांची लांबी कोड चालता चालता ठरायची. जेवढे सेन्सर जोडलेले, तेवढा अ‍ॅरे. गिऱ्हाइकाच्या नव्या नियमांत हे बसत नव्हतं. प्रत्येकाची कमाल लांबी आधीच लिहून टाकायची होती. काम अवघड नव्हतं, पण माणूस विटून जावा असं होतं.

कोड ज्योतीराम सरांचा. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मागे एक धड टीप ठेवली नाही, म्हणून योगिनी रोज एकदा तरी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडायची. सेन्सर जास्तीत जास्त किती? मशीनच्या ड्रॉइंगवर सोळा होते. तिने सोळा लिहिले, आणि जास्त आलेच तर पुढचे सोडून द्यायचे, अशी एक ओळ वर घातली. चाचण्या सगळ्या पास. आज सकाळी सातला तिने तो कोड कुरुळीच्या या कारखान्यातल्या मशीनवर चढवला होता. आता जेवणाची सुट्टी व्हायला आली होती.

फोन वाजला. तिचा टीम लीड, धनेश.

"झालं का? आज बंद करून टाकू राव हे प्रकरण."

"झालंच. सेन्सर मोजते आणि निघते."

"ड्रॉइंगवर आहेत ना? मग मोजायचं काय त्यात?"

खरं होतं. पण निघण्याआधी मशीनभोवती एक फेरी मारायची, ही सरांनी लावलेली सवय काही सुटली नव्हती. ती पाय ओढत निघाली. मागच्या बाजूलाच सोळा भरले. पुढे मशीन चालवणाऱ्या इंद्रायणीताई पत्रा सरकवत होत्या, तिथे प्रेसच्या तोंडाशी एक काळी पट्टी क्लॅम्पने आवळलेली होती.

"ताई, हे काय?"

"हातासाठी हाय. हात आत गेला की मशीन थांबतंय." ताईंनी डावा हातमोजा काढला. शेवटची दोन बोटं अर्ध्यावरच संपली होती. "हे झालं तवा ज्योतीराम साहेबानं लावलं. कागद फिरवत बसलो तर सहा महिने जातील म्हनले. रविवारी येऊन सोताच बसवलं."

कागदावर नसलेला हा सतरावा. सरांच्या अ‍ॅरेमध्ये तो न सांगता मावला होता; योगिनीच्या सोळांत त्याला जागाच नव्हती.

"ताई, हात लांब ठेवा. मी सांगितलं की पेडल दाबा."

तिने एक लांब पुठ्ठा पट्टीसमोरून आत धरला.

"दाबा."

प्रेस खाली आला. पुठ्ठ्याचे दोन तुकडे झाले.

योगिनीने लाल बटण दाबून मशीन बंद केलं. खिशात फोन पुन्हा वाजत होता. आपल्याला रडू येणार असं तिला वाटलं, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. ताईंनी तुटलेला तुकडा उचलून उलटापालटा केला.

"कवापासून?"

"सकाळी सातपासून."

ताईंनी काउंटरकडे पाहिलं. बाराशे चाळीस पीस झाले होते. मग त्यांनी उजवा हातमोजाही काढला आणि तो हात उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिल्या.