हद्द नसलेली चौदा घरं

"आजी, हद्द टाकल्याशिवाय घर सेव्हच होईना," लॅपटॉपवरून मान वर न करता बुद्धप्रिया म्हणाली.

आम्ही दोघी भूकंपात पडलेल्या जुन्या गावात, बौद्धवाड्याच्या विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. भूकंपाआधीचं आमचं गाव वेबसाइटच्या नकाशावर उभं करायचं काम नातीच्या लातूरच्या कंपनीकडे होतं. प्रत्येक घराची कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाईल, तो साचा तिनेच लिहिला होता: नाव, माणसं आणि चारी बाजूंची हद्द. हद्द सक्तीची. ती नव्या वसाहतीत जन्मलेली. तिथं घर म्हणजे आखलेला प्लॉट. बिनहद्दीचं घर तिच्या मनातही आलं नव्हतं.

बाकी गाव जुन्या मोजणीच्या नकाशावरून उतरलं होतं. आमच्या बौद्धवाड्याची चौदा घरं त्या नकाशात नव्हतीच. पाच वाजता साचा कायमचा बंद होणार होता, आणि चार वाजून गेले होते.

तिचा साहेब सत्यम फोनवर म्हणाला, अंदाजानं चौकोन काढ, नाहीतर चौदा घरं सोड. आता साचा बदलताना काही चुकलं तर आधीची घरंही जातील.

"अंदाजानं नको काढू," मी म्हणाले. "साखराबाईची अन् आमची भिंत एकच व्हती. कुणाचं घर कुठं सरलं, आम्हालाच माहीत न्हाई. कुठं व्हतं, तेवढं दावते."

मग तिने साचा उघडला. हद्द रिकामी चालेल, घराला एक ठिपका पुरेल, असं लिहिलं आणि बटण दाबलं. बराच वेळ पडद्यावर काही हललं नाही.

"आहेत," ती हळूच म्हणाली. "आधीची सगळी घरं आहेत. चल लवकर."

विहिरीपासून प्रत्येक दारापर्यंतची पावलं मला पाठ होती. डोक्यावर दोन घागरी असल्या की खाली बघता येत नाही, मोजूनच चालावं लागतं. मी मोजत थांबायचे, ती फोनवर ठिपका घ्यायची. तेरा घरं झाली तेव्हा पाचाला चार मिनिटं होती. चौदावं आमचं.

"आजी, ठिपका एकच घेता येतो. दारात घेऊ?"

मी दाराच्या जागेवरून पुढे गेले, चुलीच्या जागेवरूनही, थेट मागच्या कोपऱ्यात. भूकंपाच्या पहाटे माझी सात वर्षांची रेणुका तिथं झोपली होती.

"हितं घे."

बुद्धप्रिया फोन घेऊन खाली वाकली. मीही वाकले, आणि तेवढ्या जागेवरचे काटे हाताने बाजूला केले.