कोल्हापूरची एक जागा

करुणाने रत्नागिरीचं कॉलेज बदलायचं ठरवलं त्याचं कारण घरी माहीत होतं. लॅबचे सर प्रॅक्टिकल संपलं की एखादीला मागे थांबवत, वही तपासता तपासता खांद्यावर हात ठेवत, आणि जी हात झटकील तिचे गुण कापत. करुणाने आणि तिच्या वर्गातल्या नम्रताने मिळून प्राचार्यांकडे तक्रार दिली होती. खाली दोघींच्या सह्या. 'गप्प बसू नको,' असं करुणाला तिच्या वडिलांनी, सहदेवांनीच, सांगितलं होतं. ते हायस्कुलात शिक्षक होते. मुलीपाशी एक आणि वर्गात दुसरं असं बोलणं त्यांना जमत नसे.

निकाल लागला. करुणा चांगल्या गुणांनी पास झाली. नम्रताचा एक विषय राहिला, तो नेमका त्याच सरांचा.

करुणा आणि सहदेव एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन आले. तिथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एकच जागा रिकामी झाली होती आणि मागणारे चौघे होते. ऑफिसातल्या बाईंनी करुणाची गुणपत्रिका पाहून सांगितलं की या गुणांवर जागा हिलाच मिळेल, फक्त जुन्या कॉलेजचा ना हरकत दाखला महिनाअखेरीच्या आत आणा. करुणाने मैत्रिणीचंही विचारून पाहिलं. विषय राहिला असेल तर अर्जच घेत नाही, असं उत्तर मिळालं.

रत्नागिरीत प्राचार्यांनी दोघांना बसवून घेतलं, चहा मागवला. चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीला सोडता येत नाही, म्हणाले. चौकशी कधी संपेल ते त्यांना सांगता येत नव्हतं. मग समोरचे कागद सारखे करत ते म्हणाले,

"तक्रारच नसेल, तर मी आत्ता सही करतो. गैरसमज होतात हो या वयात."

बाहेर येऊन सहदेव स्कूटरपाशी नुसतेच उभे राहिले. किल्ली हातातच.

"मागे घे असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "आणि घेऊ नको असंही म्हणणार नाही."

करुणाला वाटलं, त्यांनी दोन्हीतलं काहीतरी एक म्हणावं. ते मैदानाकडे बघत राहिले. मग ती एकटीच परत आत गेली आणि गैरसमजातून तक्रार केली होती, असं दोन ओळींत लिहून दिलं. शब्द प्राचार्यांचाच वापरला. दाखला तिथल्या तिथे मिळाला.

नम्रताला तिने दुसऱ्या दिवशी स्टँडवर गाठून सांगितलं. नम्रता जयगडची, वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. ती गावच्या गाडीची वाट बघत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली,

"म्हणजे आता मी एकटीच ना गो?"

गाडी लागली तशी नम्रता चढून गेली.

कोल्हापूरला प्रवेश झाला. कॉलेज चांगलं होतं, लॅबमध्ये एक बाई शिकवायच्या. करुणाला हायसं वाटायचं आणि वाटलं की लगेच नकोसं व्हायचं. पावसाळा सरता सरता जुन्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला, त्यातून बाकीचं कळलं. चौकशी समितीने नम्रताला विचारलं होतं की तुझी मैत्रीण गैरसमज म्हणते, मग तू विषय राहिल्याचा राग काढतेस का. तक्रार निकाली निघाली. नम्रता कॉलेज सोडून घरी गेली. सर आहेत तिथेच आहेत.

त्या रात्री करुणाने समितीला मेल केला की आपण मागे घेतलेली तक्रार खरी होती. प्रकरण बंद झाले आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती जयगडला गेली. नम्रता बंदराकडच्या एका खानावळीत हिशेबाला बसत होती, दुपारी घरी जेवायला यायची. तिने करुणाला आत बोलावलं, पाणी दिलं. करुणाने कशीबशी मेलची गोष्ट काढली, तर नम्रताने स्वयंपाकघराकडे बघून मान हलवली. घरी काहीच माहीत नव्हतं. पोरीला अभ्यास झेपला नाही, एवढंच घरच्यांना ठाऊक.

तिची आई, गंगाकाकी, गरम भात आणि बांगड्याचं कालवण घेऊन आली. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. करुणाच्या ताटात एक तुकडी जास्त वाढत ती बोलत राहिली, की तू हुशार म्हणून तुला जागा मिळाली, आमची मागे पडली, तुझं बघून तरी तिने शिकायला हवं होतं. नम्रता खाली मान घालून जेवत होती.

"तू आता तिथलीच झालीस," काकी म्हणाली. "तुझ्या त्या कॉलेजात हिचं काय जमेल काय गो? कोणाला विचारून तरी बघशील?"

करुणाने नम्रताकडे पाहिलं. नम्रताने वर पाहिलं नाही.

"विचारलं होतं काकी," करुणा म्हणाली. "नाही घेत."

"असू दे," काकी म्हणाली, आणि करुणाच्या भातावर आणखी कालवण वाढलं.