कुडीवरचा संशय

मी एक जुनी, सात मोत्यांची कुडी आहे. गिरगावातल्या सोनाराने मला घडवलं. घोडपदेवच्या मालनबाई मला घालून देवळात कीर्तनाला बसत, तेव्हा बुवांच्या झांजेबरोबर मीही डुलत असे. पुढे त्यांनी मला सून सुचित्राला दिलं.

सुचित्राच्या कानाची भोकं बुजली होती. तिने दादरला जाऊन ती पुन्हा टोचून घेतली आणि मला घातलं. काही महिन्यांत उजव्या पाळीवर गुळगुळीत, लालसर गाठ आली. ती चिंचोक्याएवढी झाली आणि मित्रांनो, सगळ्यांचा संशय माझ्यावर!

"सोन्यातच खोट आसा," मालनबाई म्हणाल्या. "नायतर ही चामखीळ. घोड्याचो केस बांध, आपसूक गळान पडतली."

"आई, घोडपदेवात काय दारोदार घोडे बांधलेत?" मुलगा सुशांत हसला.

"घोडो नसलो तरी गाढव आसा मा घरात!"

शेवटी त्यांनी वरातीच्या घोड्याचा केस मिळवलाच. बांधला. कान सुजला, गाठ आणखी वाढली. फणसवाडीच्या देवळात दत्तजयंतीला सुचित्राचं पहिलं कीर्तन ठरलं होतं. ती म्हणाली, "लोक अभंग ऐकतील की कान बघतील? मी नाही उभी राहणार."

हे ऐकून मालनबाईंचा चेहरा उतरला. पुरावा म्हणून मला रुमालात गुंडाळून त्या सुनेसोबत परळला, त्वचेच्या डॉक्टर मेघनांकडे गेल्या.

"ही चामखीळ नाही, केलॉइड आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जखम भरली, पण कातडीला थांबायचं कळलं नाही. कुडीचा दोष नाही."

"मग कापून टाका!" सुचित्रा म्हणाली.

"नुसतं कापलं तर परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. आधी गाठीतच स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊ, मग पाळीवर दाब देणारी क्लिप. सिलिकॉनची पट्टीही असते, कुणाला गोठवूनही फरक पडतो. काढायची वेळ आली, तरी नंतर हे उपचार लागतातच."

"परत येवची नाय ना?"

"तसं वचन मी देणार नाही."

मालनबाईंनी भुवया उंचावल्या. माझा मात्र या डॉक्टरबाईंवर विश्वास बसला. संशय उरला तो त्या क्लिपवर. ही प्लॅस्टिकची उपरी माझी जागा घेणार!

इंजेक्शनं दुखली. सुचित्रा ओठ आवळून बसे. हळूहळू गाठ मऊ पडली, बसत गेली. पण आता जुन्या भोकात काही अडकवायचं नाही, नवं भोकही पाडायचं नाही, अशी ताकीद मिळाली. म्हणजे मी कायमची डबीत?

तेव्हा मालनबाईच उठल्या. डॉक्टरांना विचारून त्यांनी सोनाराकडून माझा फिरकीचा दांडा काढवला आणि मला त्याच क्लिपवर बसवलं. जिच्यावर संशय घेतला, तिच्याच खांद्यावर बसून मी दत्तजयंतीला देवळात आले!

मित्रांनो, अंगावर असं काही उगवलं तर केस बांधू नका, घरी कापू नका, लपवू तर मुळीच नका. वेळेवर डॉक्टरांना दाखवा आणि धीर धरा.

सुचित्राने पूर्वरंग सुरू केला. पुढच्याच रांगेत मालनबाई होत्या. त्यांनी एकदाही कानाकडे पाहिलं नाही. त्या डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या.