मागची सीट

“पायरी!” दाजी ओरडले, पण तोवर पुढचं चाक खाली आदळलंही होतं.

मागच्या सीटवर त्यांचा मेहुणा, रुग्णालयातला टेलिफोन ऑपरेटर, बसलेलाच राहिला. उठायला वेळच मिळाला नाही. धक्का थेट कण्यातून डोक्यात गेला, दातांवर दात आपटले आणि जीभ मध्ये सापडली. सायकल तशीच पुढे धडधडत गेली आणि ओढ्याच्या काठच्या सपाटीवर थांबली.

“लागलं का रे?” दाजींनी विचारलं.

“नाही. जरा जीभ चावली गेली.”

“फांदी आडवी आली होती. दिसलीच नाही पायरी.”

ऑपरेटरने तोंडातलं रक्त गिळून टाकलं. अकरा वर्षं डोंगरवाटेतली ती पायरी तिथेच होती. ओढ्याचा आवाज डाव्या कानावरून उजव्या कानावर गेला, की सात मोजायचे आणि उठायचं. तो आपल्या आपण उठू शकला असता. पण मागच्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, हा दाजींनी घालून दिलेला पहिला नियम होता, आणि तो त्याने आजवर मोडला नव्हता.

दाजी त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. काचा बसवण्याचं दुकान होतं त्यांचं. खिडक्या, दारं, आरसे, अर्ध्या गावाच्या घरांना त्यांनी काचा लावल्या होत्या. ऑपरेटरची दृष्टी नवव्या वर्षी एका तापात गेली. आईवडिलांच्या मागे तो ताईकडेच राहिला. पुढे मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून तो लोकांना डॉक्टरांशी जोडून द्यायचा आणि संध्याकाळी काठी टेकत घरी यायचा. रविवारी खोलीत रेडिओ. छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्याचा प्रत्येक रविवार असा गेला.

दाजींचा रविवार मात्र डोंगरात जायचा. दहाबारा जणांचा सायकलवाल्यांचा गट होता. पहाटे निघायचं, टेकडीच्या माथ्यावर चढायचं आणि जंगलातल्या अरुंद वाटेने दगडधोंडे, मुळं, ओढे पार करत खाली यायचं. एका रविवारी ते परतले ते दोन सीटची जुनी सायकल घेऊनच. गटातल्या मिस्त्रीने तिला जाड टायर बसवले होते, सांगाडा दोन ठिकाणी नव्याने जोडला होता.

“तू फक्त मागे बस आणि पेडल मार,” दाजी म्हणाले होते. “बाकीचं मी बघतो.”

ताई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भावासाठी हेल्मेट आणलं.

तेव्हापासून दाजी पुढे आणि तो मागे. दोघांची एक भाषा तयार झाली. ‘मूळ’ म्हटलं की पकड सैल करायची, ‘पायरी’ म्हटलं की सीटवरून उठायचं, ‘डावं’ म्हटलं की अंग डावीकडे झुकवायचं. गटातले त्यांना ‘डबलसीट’ म्हणत. चढावर सगळ्यांच्या मागे आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे अशी ही जोडी. वाऱ्याचा सपकारा तोंडावर बसला की ऑपरेटर मोठ्याने हसायचा. तसा तो घरात किंवा कामावर कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आता काहीतरी बिनसलं होतं. सूचना उशिरा येत होत्या, हे एक. दुसरं असं, की सायकल थांबलेली असतानाही थरथरायची. दगडांवरची थरथर त्याला पाठ होती. ही वेगळीच होती. अगदी बारीक, एका लयीतली. विश्रांतीला थांबले, दाजी हँडल धरून उभे राहिले, की त्याच्या मांडीखालच्या सीटमध्ये ती यायची.

त्याने मिस्त्रीला गाठलं. “पुढचं काही सैल झालंय का, बघता जरा?”

मिस्त्रीने तासभर खपून सगळे नट तपासले. “साहेब, सायकल ठणठणीत आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा बरी.”

त्या आठवड्यात यंत्रावर एका बाईंचा फोन आला. मेंदूविकारांच्या डॉक्टरांशी बोलायचं होतं. लाइन मोकळी होईपर्यंत बाई त्यालाच सांगत राहिल्या, “यांचा हात थरथरतो हो. कामात असले की नाही, नुसते स्वस्थ बसले की.” असे फोन त्याने शेकड्यांनी जोडून दिले असतील. त्या दिवशी मात्र जोडायचं बटण दाबताना त्याचं बोट अडलं.

घरी तो हे कुणाशी बोलला नाही. ताईला सांगणं म्हणजे चहाडी, आणि दाजींना विचारायचं तर कुठल्या तोंडाने? दाजी तर जोरात होते. गटाची तीन दिवसांची सहल ठरत होती. खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायचं होतं. दाजींनी सगळ्यांत आधी दोघांची नावं दिली.

“तो उतार म्हणजे काय सांगू तुला,” ते जेवताना म्हणाले. “एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही!”

“आणि तुम्ही त्याला तिथून नेणार,” ताई म्हणाली.

“त्याला काय, दिसत थोडंच आहे घाबरायला!”

तिघंही हसले. ऑपरेटर जरा उशिरा हसला.

सहलीच्या आधीच्या रविवारी गटाने लांबची फेरी ठेवली. उतरणीला शाळेतल्या गणिताच्या बाई त्यांच्या मागे होत्या. बाई गटात सहा वर्षं होत्या आणि वाटेवरची वळणंही मोजायच्या. बाविसाव्या वळणावर दाजी “डावं!” म्हणाले, ऑपरेटरने अंग टाकलं, पण सायकल वळलीच नाही. ब्रेकचा नेहमीचा करकर आवाज आला नाही. पानं तोंडावर सपासप लागली, खालची जमीन एकदम मऊ झाली आणि सायकल एका बुंध्याला घासून आडवी झाली. ऑपरेटरचा एक पाय जमिनीवर होता. दुसऱ्याने चाचपलं, तर तिथे जमीन नव्हती. तिथून निसटलेला एक खडा खाली जाऊन कुठे पडला, ते त्याला ऐकू आलं. बऱ्याच वेळाने ऐकू आलं.

“हलू नका! कुणी हलू नका!” बाई सायकल टाकून धावल्या. त्यांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं. मागून मिस्त्री धापा टाकत आला.

“काय झालं दाजी? हे वळण तर तुम्ही झोपेत घ्याल.”

दाजींचा नुसता श्वास ऐकू येत होता.

“चूक माझी आहे,” ऑपरेटर म्हणाला. “मी घाबरलो. ते डावं म्हणाले आणि मी उजवीकडे कललो.”

“तुम्ही? घाबरलात?” बाईंना पटलं नाही.

“वय झालं आता. माझ्याच्यानं नाही होत. सहलीला आमची नावं काढून टाका.”

कुणीतरी धीर दिला, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘होतं असं कधीकधी’ म्हणत एकेक जण पुढे गेला. चाकांचे आवाज खाली झाडीत विरत गेले आणि दोघंच उरले.

“खोटं का बोललास?” दाजींनी विचारलं.

“डावा हात कधीपासून आहे असा?”

“कसा?”

“दाजी.”

“तुला काय दिसतं रे?” दाजींचा आवाज चढला. “तू काय बघितलंस माझ्या हाताचं?”

“मला बघायला कशाला लागतंय? तुम्ही हँडल धरता, ते माझ्या सीटपर्यंत येतं. अकरा वर्षं मी दुसरं काय करतोय मागे बसून?”

दाजी मटकन खाली बसले. पाचोळा वाजला. “वर्ष झालं,” ते म्हणाले.

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दाखवलं. पण तुमच्याकडे नाही. तिथे फोन केला असता तर तूच जोडून दिला असतास.” ते थोडं हसले. “गोळ्या दुकानात ठेवतो, पुट्टीच्या रिकाम्या डब्यात. काचा कापायचं काम बंद केलंय. गुडघे दुखतात म्हणून सांगतो आणि नुसती मापं घेऊन येतो.”

“ताईला माहीत नाही?”

“तिला कळलं की सायकल बंद. आणि माझी बंद झाली, की तुझी बंद. तू परत त्या खोलीत जाऊन बसणार. ते मला बघवलं नसतं.”

“माझं नाव पुढे करू नका,” ऑपरेटर म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच कठोर वाटला. “आत्ता माझा पाय खाली टेकत नव्हता, दाजी. मी मेलो असतो तर चाललं असतं असं नाही म्हणत, पण ताईने एका दिवशी दोघं कुठून आणायचे?”

दाजींच्या रडण्याचा आवाज आला. या माणसाला रडताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. काय करावं ते त्याला सुचेना. चाचपत त्याने दाजींचा डावा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. हात काचेच्या कामाने खरबरीत झालेला, जुन्या जखमांच्या व्रणांनी भरलेला होता. तो थरथरतच राहिला. दाबून धरल्याने काही थांबत नव्हता.

“मी डोळे मिटून तुमच्यामागे बसलो,” तो म्हणाला.

“दुसरं करणार काय होतास तू?” दाजी नाक ओढत म्हणाले, आणि त्या झाडीत दोघंही वेड्यासारखे हसत सुटले.

उरलेला उतार ते चालत उतरले. दाजी हँडल धरून, तो मागची सीट धरून. “मूळ,” दाजी मधूनच म्हणत. “पायरी.” चालतानाही.

घरी पोचले तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. दाजी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. “तुला एक सांगायचं होतं,” त्यांनी सुरुवात केली आणि सहलीचं, मग हवामानाचं, मग दुकानाचं बोलत राहिले.

“हाताचं ना?” ताई म्हणाली.

दाजींची खुर्ची करकरली.

“चार महिने झाले, तुमचे बटणांचे शर्ट मी वरच्या कपाटात टाकलेत. सगळे गळ्यातून घालायचे आणून ठेवलेत. कुठे गेले शर्ट, म्हणून तुम्ही एकदा तरी विचारलंत का मला?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. दर रविवारी तुम्ही दोघं दाराबाहेर पडलात, की परत येईपर्यंत मी या खिडकीपाशी उभी असायचे. थांबा म्हणवत नव्हतं आणि जा म्हणवत नव्हतं.” ती भावाकडे वळली. तिचा आवाज जवळ आला. “आणि तू? तुलाही माहीत होतं?”

“हो,” तो म्हणाला.

ताईने नळ सोडला. खाली भांडं नव्हतं. पाणी नुसतंच मोरीत पडत राहिलं. बराच वेळ.

सहलीला गट त्यांच्याशिवाय गेला. दाजींनी मेहुण्याच्या खोट्याचं पांघरूण राहू दिलं नाही. गट परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना गोळा करून हाताचं सांगितलं, आणि त्या दिवशी घाबरला तो मी होतो, हेही सांगितलं. मिस्त्रीने सायकल छताला टांगून ठेवण्याची तयारी दाखवली. “टांगायची कशाला?” दाजी म्हणाले आणि सरळ गणिताच्या बाईंपुढे जाऊन उभे राहिले.

बाईंनी आधी साफ नाही म्हटलं. कुणाच्या जिवाची जबाबदारी त्यांना नको होती. दाजींनी पिच्छा सोडला नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. मैदानात मधोमध दाजी आणि त्यांच्याभोवती सायकल.

“बाई, आधी सांगायचं, पण फार आधी नाही! तो उठून उभा राहील आणि पायरी येणारच नाही.”

“किती आधी? दोन सेकंद?”

“सेकंद सोडा. त्याला एक श्वास घेता आला पाहिजे, एवढं.”

ऑपरेटर मागे बसून ऐकत होता. बाईंच्या पाठीची ऊब वेगळी होती, त्यांचं पेडल हलकं होतं, ब्रेक त्या घाईने दाबायच्या. त्याला आवडत नव्हतं. आपल्याला आवडत नाही हे तो दाजींना कळू देत नव्हता, आणि ते त्यांना कळत होतं.

पाच महिन्यांनी बाई आणि ऑपरेटर जोडीने पहिल्यांदा डोंगरावर गेले. दाजींना मिस्त्रीने आपल्या टेंपोतून वाटेच्या पायथ्याशी आणून सोडलं होतं. बाईंनी वळणं मोजत, प्रत्येक मूळ आणि प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत सायकल खाली आणली. दोन सूचना चुकल्या. एकदा तो विनाकारण उठला. ब्रेक इतके दाबावे लागले, की बाईंची मनगटं दुखायला लागली. खाली पोचल्यावर बाई हात झटकत पाणी प्यायला गेल्या.

ऑपरेटर काठी टेकत दाजींच्या आवाजाच्या दिशेने गेला आणि त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसला.

“कशी आहे वाट?” दाजींनी विचारलं. त्यांचा आवाज आता जरा बारीक झाला होता.

तो सांगू लागला. “माथ्यावर माती मोकळी झालीय, चाक जरा रुततं. तिसऱ्या वळणाआधी कुठलंतरी झाड पडलंय. तिथे ऊन लागतं आता, पूर्वी सावली होती. ओढ्याला पाणी कमी आहे. दगडांवरून जातंय, एकेक थेंब वेगळा ऐकू येतो.”

“आणि पायरी?”

“झिजलीय. उंची बोटभर कमी झाली असेल.”

“असं?” दाजी म्हणाले. “मग पुढे?”

त्यांनी हात खिशात घातला होता. आत किल्ल्या होत्या, त्या सारख्या बारीक किणकिणत होत्या. ऑपरेटरने आवाज थोडा वाढवला आणि पुढचं वळण सांगायला घेतलं.