पहिली पळी साहेबांना

मित्रांनो, मी एक जुनी पळी आहे. आमटीतली चिमुकली नव्हे हं, चांगली हातभर दांड्याची! पत्र्याच्या कारखान्यात ठोके खाऊन घडले आणि थेट फौजेत भरती झाले. ना कुणी उंची मोजली, ना छाती.

माझी नेमणूक झाली बर्फातल्या एका उंच चौकीवर. तिथली जेवणाची रीत ठरलेली: आधी जवान, मग हवालदार आणि सगळ्यांत शेवटी साहेब. नवे साहेब आले तेव्हा त्यांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. चढून दमलेले, भुकेलेले. सरळ येऊन त्यांनी पहिली थाळी पुढे केली. आचारी गांगरला, मी अधांतरी! रांगेतला एक थट्टेखोर जवान हळूच म्हणाला, "बाळाला भूक लागली असेल."

हवालदार त्यांच्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी साहेबांना बाजूला घेऊन रीत समजावली. साहेबांचे कान लालबुंद झाले. त्या दिवसापासून ते कायम शेवटी उभे राहू लागले. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाच्या मुलीची परीक्षा, सगळं रांगेतच विचारायचे. थट्टेखोरसुद्धा त्यांच्यावर जीव टाकू लागला.

मग कडा कोसळला. वाट बुजली, शिधा गाडला गेला. आभाळ उघडेपर्यंत हेलिकॉप्टर येणार नाही, असं वायरलेसवर कळलं. पेज रोज पातळ होत गेली. साहेबांची पाळी येईपर्यंत पातेलं रिकामं व्हायचं. ते आचाऱ्याला डोळ्यांनी गप्प करायचे आणि मला पातेल्याच्या रिकाम्या बुडावर खरडखरड फिरवायचे. बाहेरच्यांना वाटायचं, साहेब जेवताहेत! मला ओरडून सांगावंसं वाटे. पण पळीला कुठली आलीय जीभ?

एके सकाळी बर्फ उपसता उपसता साहेब कोसळले. हवालदारांनी त्यांचा पट्टा सैल केला. त्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली होती. आचारी रडला आणि सगळं सांगून बसला.

दुपारी रांग लागली, पण एकही थाळी पुढे येईना.

"साहेब, पहिली पळी तुमची," हवालदार म्हणाले.

"रीत मोडायची नाही, हवालदार."

"पहिल्या दिवशी मोडलीत, तेव्हा काही बिघडलं नाही. आज पाळलीत, तर आम्ही पोरके होऊ."

साहेबांची थाळी पुढे आली. थट्टेखोर पुटपुटला, "बाळाला भूक लागली असेल." कुणीच हसलं नाही. तो स्वतःच रडत होता.

त्यानंतर शेवटची जागा हवालदारांनी घेतली. आणि मित्रांनो, तीच खरडखरड मला पुन्हा ऐकू येऊ लागली! हात तेवढा वेगळा होता.

अखेर आभाळ उघडलं, खालच्या सपाटीवर हेलिकॉप्टर उतरलं. हवालदार खाली गेले ते साहेबांच्या पाठीवर, मान टाकून. साहेब सारखे म्हणत होते, "काका, डोळे उघडा." त्यांनी उघडले का? मला कधीच कळलं नाही. चौकी रिकामी झाली आणि मी गंजत इथेच राहिले, थंड चुलीपाशी. आल्यागेल्या वाऱ्याला तेवढंच विचारते.

तुमच्याही घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारं कुणीतरी असेल. ते "माझं झालं" म्हणालं, तर नुसत्या आवाजावर विश्वास ठेवू नका. उठा आणि पातेल्यात डोकावून बघा. आम्हा पळ्यांना सांगता येत नाही.