हात न देण्याची तालीम

कचरूच्या हाती माईक गेला की अर्पिताला तिथून उठून पळावंसं वाटायचं.

परतूरच्या मंगल कार्यालयातही तेच झालं. शाल झाली, नारळ झाला, जिल्ह्यातली समुद्र पोहून आलेली पहिली मुलगी म्हणून तिच्यावर लांबलचक भाषणं झाली, आणि मग कुणीतरी नको तेवढ्या उत्साहाने म्हणालं, "आता तिच्या वडलांनी दोन शब्द बोलावेत." दोन शब्द! दोन शब्दांत कचरूला आजवर शेळीसुद्धा विकता आली नव्हती.

"आता म्या काय सांगू," असं म्हणून तो सुरू झाला. "आमी रामेश्वरला गेल्तो. म्हणलं पोरीचं पोहणंबी होईल आन देवदर्शनबी होईल. ही तिकडं लंकेहून निघालेली, आमी इकडं धनुष्कोडीच्या रेतीवर उभे. दिवस कलला तवा तिची पिवळी टोपी दिसली. काठाला आली, उभी राह्यली आन पाय लटपटले की हो हिचे! आता बापानं काय करावं? म्या धोतरासकट पाण्यात! ह्या हातानं वढून बाहेर काढलं लेकीला."

हे बोलताना तो उजवा हात वर करायचा. अख्ख्या सत्कारात सगळ्यात जास्त टाळ्या त्या हाताला पडायच्या. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. अर्पिता खाली मान घालून नारळाची शेंडी सोलत बसायची.

कारण त्याच हाताने घात केला होता. या पोहण्याचा नियम अगदी सोपा आहे. पाण्यात उतरल्यापासून पलीकडच्या कोरड्या जमिनीवर उभं राहीपर्यंत पोहणाऱ्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. नावेतून प्यायला देतात तेही बाटलीला दोरी बांधून. गुडघाभर पाण्यात बापाने तिचं मनगट धरलं, नावेतल्या निरीक्षकाने ते पाहिलं, आणि अख्खा समुद्र पोहून आलेल्या पोरीचं पोहणं तिथल्या तिथे बाद झालं.

राजानंद सरांनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांनी, गुलालाच्या गर्दीतून वाट काढत येऊन हे तिच्या कानात सांगितलं. तोवर चुलत्याच्या फोनमधून व्हिडिओ तालुकाभर पोचला होता आणि तिचे आबा, म्हणजे कचरू, रेतीवर बसून ढसाढसा रडत होते. तेव्हा सांगणं तिच्याने झालं नाही. उद्या सांगू, घरी गेल्यावर सांगू असं करता करता जालन्याच्या स्टेशनावर हलगी वाजली आणि जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून, धान्याच्या पोत्यांमधून आणि रिक्षांमधून, उघड्या जीपमध्ये तिची मिरवणूकही निघाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

बरं, बापावर रागवावं तर कोणत्या तोंडाने? पोहायला त्यानेच शिकवलं होतं. गावच्या विहिरीत, कमरेला वाळका भोपळा बांधून. त्या विहिरीची वरची पायरी शेवाळलेली, म्हणून गावाचा रिवाजच असा की पोहून वर येणाऱ्याला काठावरच्याने हात द्यायचाच. भांडण असलेल्या भावकीतलासुद्धा तिथे हात देतो. मग बाहेर येऊन पुन्हा भांडतो. कचरू त्या विहिरीवर म्हातारा होत आला होता. त्याच्या हाताला समुद्राचा नियम कुणी सांगावा?

पण अर्पिताला चैन पडेना. खाटेवर बसली की उठायची, उठली की अंगणात फेऱ्या घालायची, ताटावर बसून अर्धी भाकरी ठेवून द्यायची. भिंतीवर लावलेल्या सत्काराच्या फोटोकडे पाठ करून झोपायची. लोक तिला जलकन्या म्हणायचे आणि तिला वाटायचं की आपण चोरीचा दागिना अंगावर घालून फिरतोय.

"बूड टेकव की जरा," आई म्हणायची. आई म्हणजे तुळजाबाई, जिच्या नजरेसमोर दूध उतू जायचं नाही आणि नजरेतून पोरगीही सुटायची नाही. "काय होऊन राह्यलं तुला? आंगात मुंग्या भरल्यात का?"

मग सरांचा फोन आला. मार्चमधली तारीख मिळाली होती. तोच समुद्र, तोच किनारा. अर्पिताने घरात एवढंच सांगितलं की परत एकदा पोहायला जायचंय.

"झालं की एकदा," कचरू म्हणाला. मग स्वतःच खुलला. "बरं जाऊ. म्याबी येतो. हात द्यायला तिथं कोन हाय तुला?"

आता गप्प राहून भागणार नव्हतं.

दुधना नदीच्या धरणाचं पाणी त्यांच्या रानाच्या बांधापर्यंत येतं. कचरू तिथे शेळ्या चारत होता. अर्पिता गेली आणि दम न घेता सगळं सांगून मोकळी झाली. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता आबा मटकन खाली बसतील. कचरू बसला नाही. एक शेळी उसात शिरत होती, तिला हाकलून आला आणि मग विचारलं, "कवापासून म्हाईत हाय तुला?"

"त्याच दिवसापासून."

"म्हंजी इतके दिवस तू मला स्टेजवर नाचवून राह्यली." त्याचा आवाज चढला. "म्या हात वर करून सांगतो आन तू खाली मुंडी घालून बसती! मला वाटायचं, पोरगी लाजून राह्यली."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आबा."

"वाटलंच असतं! बापानं वाईट वाटून घ्यायचं बी न्हाई का? सर जाणतो, नाववाला जाणतो, मी एकटाच येडा. लहान लेकरू समजलीस मला. चुकलो तर चुकलो म्हणून सांगायचं, दोन दिवस रडलो असतो, तिसऱ्या दिवशी शेळ्या सोडल्या असत्या."

आपण बापाला जपतोय असंच ती समजत होती. तो उभा राहून सगळ्यांसमोर फशी पडत होता आणि ती त्याला पडू देत होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दोन दिवस कचरूने शेळ्या सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जुन्या जालन्यात कापड व्यापाऱ्यांनी सत्कार ठेवला होता. कचरू धुतलेलं धोतर नेसून तयार. तिथे माईक त्याने मागूनच घेतला.

"ही पोहली बराबर," तो म्हणाला. "पण म्या हात लावला म्हणून तिचं पोहणं बाद झालं. बिलकुल बाद. चूक माझी हाय. ती परत पोहणार हाय, तवा हा नारळ आत्ता तुमच्यापाशीच ठेवा."

मग एक शेठजी उभे राहिले, गहिवरून म्हणाले, "याला म्हणतात बापाचं काळीज!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेरचे रिक्षावाले डोकावून गेले. नारळही गळ्यात पडला आणि शाली चांगल्या दोन मिळाल्या. लोकांना एकदा टाळ्या वाजवायच्या असल्या की खरं काय न् खोटं काय, त्यांचं काही अडत नाही.

परतीच्या बसमध्ये कचरूने दोन्ही शाली घडी करून लेकीच्या मांडीवर ठेवल्या. मग कचरू म्हणाला, "शिकव मला."

"काय?"

"हात न देणं."

आणि तालीम सुरू झाली. अर्पिता उजाडताच धरणाच्या पाण्यात उतरायची, उन्हं डोक्यावर येईपर्यंत पोहायची आणि थकून काठाला लागायची. कचरू काठावर उभा. त्याने काही करायचं नव्हतं, हेच त्याचं काम. पहिल्या दिवशी ती उभी राहायच्या आतच त्याचा हात पुढे आला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. ती लडखडली तसा एक निसटलाच. मग त्याने शेळीचं दावं धरून पाहिलं, तर हाताबरोबर शेळीही पाण्यात आली. तुळजाबाई बांधावर बसून पोट धरून हसायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणायची.

अर्पिताही हसायची, पण रात्री तिचा डोळा लागायचा नाही. तारीख जवळ येत होती. तो रेतीवर उभा असला तर हात येणार, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. येऊ नका म्हणायला जीभ रेटत नव्हती. एकदा ती खरं बोलली होती आणि त्याचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. न बोलल्याने काय होतं तेही पाहिलं होतं.

शेवटी कचरूनेच तोड काढली. उपरण्याने आपले हात बायकोकडून पाठीमागे बांधून घेतले. "घट्ट बांध," म्हणाला. "बैलाला बांधती तशी."

त्या दिवशी अर्पिता नेहमीपेक्षा खूप जास्त पोहली. काठाला पाय टेकले आणि पोटरीत गोळा आला. ती उभीच्या उभी तोंडावर चिखलात आपटली. नाकातोंडात गाळ गेला. उठायला हात टेकले तर ते कोपरापर्यंत रुतले. आपण उठायचं, आपण एकटीने उठायचं, असं ती मनाशी घोकत होती, तेवढ्यात तिच्या काखेखाली काहीतरी घुसलं आणि तिला वर रेटू लागलं.

कचरूचा खांदा होता. हात बांधलेलेच होते. बांधलेल्या हातांनी पळता पळता तोही आडवा झाला होता, आणि आडव्यानेच त्याने तिला खांदा लावला होता. दोघंही म्हशींसारखे बरबटले होते. तुळजाबाई या वेळी हसली नाही.

त्याच ठिकाणी, चिखलात बसल्या बसल्या, कचरू म्हणाला, "म्या येणार न्हाई."

तिला तेच हवं होतं. इतके दिवस तिला दुसरं काही नको होतं. आणि आता ते मिळालं तर तिला ते नकोसं झालं.

परतूरच्या स्टेशनावर, राजानंद सर डबा शोधायला पुढे गेले तेव्हा, तिला राहवलं नाही. "चला ना, आबा. लांब उभे राहा. तिथं मागं वाळूचा उंचवटा आहे, त्याच्यावर."

"तिथून पाण्यापस्तोर पळत यायला किती वेळ लागल?"

तिला खोटं बोलवेना. "फार नाही."

"मंग?" कचरू रुळांकडे बघत म्हणाला. "तू पडशील गं. किनाऱ्याला आल्यावर तुझे पाय लुळेच पडतेत, म्हाईत हाय मला. पड. आपली आपण उठ. पण ते मला बघायला लावू नको. तेवढं माझ्यानं व्हायचं न्हाई."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, भर फलाटावर, हमालांच्या देखत. त्याने तिला रडू दिलं. गाडी आली तेव्हा तिला डब्यात बसवून तो खिडकीशी आला.

"पोहून झालं की फोन करीन," ती म्हणाली.

"पोहून झाल्यावर न्हाई," कचरू म्हणाला. "कोरड्यावर उभी राह्यली की कर. त्याच्या आदी बिलकुल न्हाई."